देसूरचा कातळ, आइसलँडचा रस्ता

येत्या १२ ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहणाची सावली आइसलँडवरून जाणार आहे. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा वाजून गेले असतील, त्यामुळं बेळगाव-निपाणीतून काही दिसायचं नाही. रेक्याविक या राजधानीत खग्रास स्थिती जेमतेम मिनिटभर टिकेल, पश्चिमेच्या टोकांवर दोन मिनिटांहून थोडी जास्त. त्या देशानं याआधी खग्रास ग्रहण पाहिलं ते १९५४ मध्ये. ग्रहण कसं लागतं हे सगळ्यांचं शाळेत झालंय. मला बोलायचंय ते त्या दोन मिनिटांनंतरच्या दिवसांविषयी. इतक्या लांब जाणाऱ्यानं भाड्यानं गाडी घ्यावी, बेटाला पुरता वेढा घालावा आणि वाटेतले खडक डोळे भरून बघावेत. हा सल्ला खास आपल्या भागातल्या माणसांसाठी आहे.

कारण आपण लाव्हाच्या काठावर राहतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर पसरले. आज उरलेलं त्यांचं क्षेत्रच पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. दक्षिणेकडची त्यांची कड आपल्या जिल्ह्यातून जाते. निपाणीची तंबाखू ज्या काळ्या रानात पिकते, ती माती म्हणजे झिजलेला बसाल्ट. पूर्वेला गोकाकचा धबधबा मात्र लाव्हाच्या कितीतरी आधीच्या वालुकाश्मावरून कोसळतो. एकाच जिल्ह्यात ही सीमा ओलांडता येते. भूशास्त्रज्ञांनी दख्खनच्या या थरांना गावांची नावं दिली आहेत: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा आणि सर्वांत वर देसूर. होय, बेळगावहून खानापूरला जाताना लागणारं आपलं देसूर! काही अभ्यासक देसूरला स्वतंत्र थर न मानता पन्हाळ्यातच धरतात. तरी जगभरच्या शोधनिबंधांत हे नाव छापलं जातं, आणि ते बेळगावातल्या पोरांना ठाऊक नसावं याची मला मनापासून खंत वाटते.

आता आइसलँड. तिथला सगळ्यात जुना खडक दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा, म्हणजे देसूरपुढं अगदी कोवळा. आपल्याकडे जे घडून गेलं, ते तिथं अजून चालू आहे. या दोन्ही भूमी पायी तुडवलेला एक माणूस होता, जॉर्ज वॉकर. १९२६ चा जन्म, लंडनचा. १९५० च्या दशकात तो पूर्व आइसलँडच्या डोंगरांत शिरला आणि पुढची कैक वर्षं उन्हाळा आला की तिथं जात राहिला. लाव्हाच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक वाढतात. पुणे-नाशिककडचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. वॉकरनं पाहिलं की लाव्हाचे थर तिरके कललेले, पण झिओलाइटचे पट्टे जवळपास आडवे. कुठला स्फटिक किती खोलीवर तयार होतो हे त्यानं त्यावरून ताडलं, आणि त्याच आधारे डोंगराचा माथा किती झिजून गेला याचा हिशेब मांडला. हातात हातोडा आणि वही, बाकी पायपीट. १९६४ मध्ये गुन्नार बोद्वार्सन यांच्यासह त्यानं आइसलँडचं कवच फाकत चालल्याचा निबंध लिहिला. भूपट्टांचा सिद्धान्त तेव्हा अजून रुजायचा होता!

हाच माणूस पुढं दख्खनमध्ये आला. अनेक लहान जिभा एकमेकींवर चढून झालेला लाव्हा वेगळा आणि एकाच दमात दूरवर पसरलेला सपाट थर वेगळा, ही त्यानं १९७१ च्या सुमारास केलेली विभागणी दख्खनच्या अभ्यासात आजही वापरतात. पश्चिमेला पुणे-नाशिककडे पहिला प्रकार जास्त, दक्षिणेला आणि पूर्वेला दुसरा. आइसलँडनं त्याला ‘फाल्कन’ हा राष्ट्रीय सन्मान दिला. त्याचे कागद आणि नमुने पूर्व किनाऱ्यावरच्या ब्रेइदाल्सविक या चिमुकल्या गावात जपले आहेत. सहलीच्या कार्यक्रमांत हे गाव सहसा नसतं. स्वतःची गाडी हवी ती यासाठी.

बेटाला वळसा घालणारा एक क्रमांकाचा रस्ता सुमारे १,३२० किलोमीटरचा. दक्षिणेकडच्या हिमनद्यांच्या वाळवंटावर पूल होईना, म्हणून तो १९७४ पर्यंत अपुरा होता. १९९६ मध्ये बर्फाखाली ज्वालामुखी पेटला, पाण्याचा लोंढा आला आणि पूल वाहून गेले. पिळवटलेल्या लोखंडी तुळया आजही रस्त्याकडेला ठेवल्या आहेत. गाडी उजव्या बाजूनं चालवायची, डांबरीवर वेग ताशी ९० पर्यंत. अरुंद पुलांवर जो आधी पोचेल तो आधी जातो. रस्ता सोडून गाडी रानात घातली तर दंड होतो, कारण तिथलं शेवाळ पुन्हा धरायला अनेक वर्षं लागतात. ऐन ऑगस्टातही दहा-बारा अंशांची हवा आणि गाडीचं दार हिसकावणारा वारा. स्वेटरवर वारा अडवणारं जाकीट हवंच. सगळ्या देशाची वस्ती चार लाखांच्या आत, एकट्या बेळगाव शहराहून कमी, त्यामुळं पंप दिसला की टाकी भरून घ्यावी.

ग्रिंदाविककडे जाणारा रस्ता तर बघावाच. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते गाव रिकामं केलं, जानेवारी २०२४ मध्ये लाव्हा घरांपर्यंत आला, आणि नंतर रस्ता पुन्हा पुन्हा त्याखाली गाडला गेला. दर वेळी माणसांनी आतून गरम असलेल्या लाव्हावर भराव टाकून वाहतूक सुरू केली. तवंदी घाट उतरताना ज्या काळ्या दगडाकडे आपण पाहतही नाही, तो कधीकाळी असाच वाहत होता, हे तिथं पायाखाली कळतं.

ज्यांना जाणं परवडणार नाही, त्यांनी पन्हाळा तालुक्यातलं बांदिवडे गाठावं. आइसलँडसारखे बसाल्टचे खांब तिथंही उभे आहेत. आणि देसूरला मराठी-कन्नडमध्ये ठळक फलक लागावा, थरांच्या आकृतीसकट. गावाच्या पंचायतीनं आणि बेळगावच्या महाविद्यालयांनी मनावर घेतलं तर या पावसाळ्यानंतर तो उभा राहू शकतो.