जेवणाची पाकिटं भरताना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडे पूर आला, तेव्हा जेवणाची पाकिटं भरायला कितीतरी हात पुढे आले. अशा कामात पाकिटं किती झाली हे सगळेच विचारतात. त्याआधी विचारायला हवं, की खाणाऱ्याकडे चूल आहे का? असेल तर तांदूळ, डाळ, तेल, मीठ द्यावं. नसेल तर शिजवलेलं अन्न, आणि खरी जोखीम तिथंच.

भात शिजला तरी त्यातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात, विष तयार करतात. उलट्या करवणारं हे विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून वाफाळत्या भाताची पाकिटं बंद करून ढीग रचायचा आणि गाडीची वाट बघायची, ही सगळ्यात वाईट पद्धत. ढिगाच्या मधली पाकिटं लवकर निवतच नाहीत. छावणीत एखाद्या पोराला उलट्या लागल्या तर स्वच्छ पाणी तरी कुठून आणायचं?

गाडी दारात आल्यावरच भात भरायला घ्यावा. (फोटो नंतरही निघतात!) वाट लांबची असेल तर सरळ चपाती आणि सुकी भाजी, तीही ओल्या खोबऱ्याशिवाय. पाकिटावर भरल्याची वेळ लिहावी, आणि देताना सांगावं, "लगेच खाऊन घ्या, रात्रीला ठेवू नका." उपाशी राहिलेला माणूस अर्धं राखून ठेवतोच.