गावाच्या मध्यक उत्पन्नाचा ठाव

नरसी नामदेवसारख्या गावातील कुटुंबांचे मध्यक उत्पन्न किती, असे विचारले असता भलेभले सुशिक्षित गृहस्थही हिंगोली जिल्ह्याच्या दरडोई उत्पन्नाला घरातील माणसांच्या संख्येने गुणून मोकळे होतात. वस्तुतः पाचही तालुक्यांत वर्षभरात निर्माण झालेल्या मूल्याला लोकसंख्येने भागून आलेला तो भागाकार असतो. त्यातले किती कोणत्या चुलीपर्यंत पोहोचले, याविषयी तो मूक असतो. शिवाय सरासरी म्हणजे मध्यक नव्हे. एका आळीत नऊ घरे आहेत आणि त्यांची वार्षिक उत्पन्ने चढत्या क्रमाने 60, 72, 80, 90, 100, 110, 125, 140 हजार आणि शेवटच्या व्यापाऱ्याची 12 लाख आहेत, असे समजू. सरासरी जवळजवळ 2 लाख 20 हजार भरते आणि नवांपैकी आठ घरे तिच्या पुष्कळ खाली राहतात. मधले, म्हणजे पाचवे घर मात्र 1 लाखाचे आहे. गाव कसे जगते हे त्या पाचव्या घराला ठाऊक असते.

दुसरा समज असा की, हा आकडा तहशिलीच्या दप्तरात पडून आहे. कोणी नीट शोधत नाही एवढेच. परंतु उत्पन्नाचा दाखला मागितला जातो तो अमुक मर्यादेच्या आत आहोत हे सिद्ध करण्यासाठी, आणि केशरी शिधापत्रिका 15 हजारांपासून 1 लाखापर्यंतच्या सगळ्यांना एकाच रंगात रंगवते. जनगणनेने उत्पन्न विचारलेलेच नाही. 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत ग्रामीण कुटुंबांना ते विचारले, परंतु तेही घरातील सर्वाधिक कमावत्या एकाच व्यक्तीचे, आणि 5 हजारांखाली, 5 ते 10 हजार व त्यावर अशा तीनच मासिक गटांत. पैसेवारी तर पिकाचा अंदाज होय. पीक आणि उत्पन्न यांच्यामध्ये भाव, खर्च आणि कर्ज उभे असते.

खरी अडचण याहून खोल आहे, आणि तिच्यापाशी थांबणे मला अगत्याचे वाटते. ‘तुमचे उत्पन्न किती?’ या प्रश्नाला शेतकऱ्यापाशी प्रामाणिक उत्तर नसते, कारण ते त्याने कधी एका आकड्यात पाहिलेलेच नसते. राष्ट्रीय नमुना पाहणीने 1950 आणि 1960 च्या दशकांत, पुढे 1983-84 मध्ये प्रायोगिक स्वरूपात, उत्पन्न विचारून पाहिले. तेव्हा सांगितलेले उत्पन्न त्याच लोकांच्या खर्च व बचतीच्या बेरजेहून कमी भरले. हळदीचेच पाहा: हिंगोलीच्या बाजारात मिळालेल्या पट्टीवरची रक्कम म्हणजे उत्पन्न नव्हे, बेणे, खत, काढणीची मजुरी, उकडणे, वाळवणे, पॉलिश, हमाली आणि तोलाई वजा जाता जे उरेल ते उत्पन्न. उलट घरची ज्वारी आणि घरचे दूध विकले गेले नाही म्हणून हिशेबातून गळते, ते धरलेच पाहिजे. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत साल धरणाऱ्या सालगड्याला मिळणारे धान्यही तसेच. ऊसतोडीची उचल मात्र हातात रोकड पडली तरी कोयता चालेपर्यंत कर्जच असते. आणि कुटुंब कोणते, तर एका चुलीवर जेवणारे. भावाभावांच्या शिधापत्रिका निराळ्या झाल्या म्हणून चूल निराळी झाली असे नव्हे.

असे घरोघर केलेले काम आपल्याकडे झालेले आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील डॉ. हॅरॉल्ड मान यांनी 1917 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पिंपळे सौदागर येथील 103 कुटुंबांचा जमाखर्च मांडला. केवळ जमिनीवर निभाव लागणारी त्यांत अवघी 8 निघाली. सबंध देशाची अशी मोजदाद अशक्य, म्हणून नमुना घ्यावा लागतो. पण 2022-23 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीसाठीही सबंध भारतातून 8,723 खेडीच निवडली होती. त्यांत आपले गाव यावे हा निव्वळ योगायोग.

मग शेजाऱ्यांकडून बळ उसने घेतात. गावातील थोड्या कुटुंबांचे उत्तर एका बाजूला, आणि घरांचा प्रकार, सिंचन, रोजगार यांवरून तशाच इतर गावांच्या आधारे बांधलेले अनुमान दुसऱ्या बाजूला. ज्याचा भरवसा अधिक त्याला वजन अधिक. ही अटकळ नव्हे. अमेरिकेच्या जनगणना खात्यातील फे आणि हेरियट यांनी 1979 साली हजाराहून कमी वस्तीच्या ठिकाणांच्या दरडोई उत्पन्नासाठी ही रीत वापरून दाखवली, आणि आज जगभर तिचा आधार घेतला जातो. मात्र येणाऱ्या आकड्याला त्याची मर्यादा जोडलेली असावी: चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या 25 कुटुंबांची उत्पन्ने क्रमाने लावली, तर गावाचा खरा मध्यक आठव्या आणि अठराव्या कुटुंबाच्या दरम्यान असल्याची खात्री सुमारे 95 टक्के देता येते, त्याहून अरुंद पट्टा नाही.

निवडलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारचे घ्यावे, तेवढ्याने काय बिघडते, असेही पुष्कळांना वाटते. बिघडते ते येथेच. दिवाळीनंतर गणक गावात गेला, तर ज्या दारांवर कुलपे दिसतात त्यांतली कितीतरी ऊसतोडीला गेलेल्यांची असतात. ती सोडली की मधले घर आपोआप वर सरकते. त्या दारांशी पाडव्यानंतर, फडावरून बिऱ्हाडे परतल्यावर, पुन्हा जावे लागते.