बाळ सांभाळायला मावशी ठेवताय? आधी हे तपासा

प्रसूती रजेचे 26 आठवडे संपत आले की अनेक घरांत मावशींचा शोध सुरू होतो. आधार कार्डाची झेरॉक्स ओळख सांगते, स्वभाव नाही. म्हणून आधीच्या घरी स्वतः फोन करा. काम का सुटलं, हे विचारा. जवळच्या पोलीस ठाण्यात फोटोसह माहिती द्या.

‘बाळाच्या घशात काही अडकलं तर काय कराल?’ असं थेट विचारा. आत न दिसणारी वस्तू बोटाने चाचपडायची नाही; बाळाला पालथं धरून, डोकं खाली ठेवून खांद्यांच्या मध्ये 5 थापा द्यायच्या. माहीत नसेल तर शिकवा.

रजा संपण्याआधी आठवडाभर तुमच्यासमोर काम होऊ द्या. पगार, सुट्ट्या, तास आधीच ठरवा. धुणीभांडीही त्यांच्यावरच टाकलीत, तर बाळाकडे कोण बघणार?