उसाच्या कर्जखात्यातला कार्बन

कोल्हापूर जिल्ह्यात उसाला पीक कर्ज किती मिळणार, हे कुणाच्या शब्दावर ठरत नाही. जिल्हास्तरीय तांत्रिक समिती पीकवार हेक्टरी दर बांधून देते आणि गावची विकास सोसायटी त्यावरून सभासदांची कर्जमर्यादा ठरवणारं क.म. पत्रक करते. त्यात सभासदाचं नाव, गट नंबर, क्षेत्र आणि पीक असतं. पीक ऊस असेल तर लागण की खोडवा, आणि लागण असेल तर आडसाली, पूर्वहंगामी की सुरू, हेही पाहिलं जातं. खत सोसायटीतूनच उचललं तर ती पोतीही खात्यावर पडतात. ऊस कारखान्याला गेला की बिलातून कर्ज वळतं होतं. आपण दिलेल्या पैशातून हवेत किती कार्बन गेला, हे शोधायला जगभरच्या बँकांना जी माहिती हवी असते, त्यातली बरीचशी इथं सोसायटीच्या सचिवाच्या कपाटात पडून आहे.

या शोधाची एक रीत २०१५च्या सुमारास नेदरलँड्समधल्या काही वित्तसंस्थांनी बसवली आणि ती पुढं जगभर पसरली. तिचं सूत्र साधं आहे. डिस्टिलरी उभारायला १०० कोटी लागले आणि त्यातलं ६० कोटींचं कर्ज बँकेचं असेल, तर डिस्टिलरीच्या उत्सर्जनातला ६० टक्के वाटा बँकेच्या नावावर. यात एक गंमत आहे. कर्जाचे हप्ते फिटत जातात तसा बँकेचा वाटाही घटत जातो, मग चिमणीतून निघणारा धूर तेवढाच का असेना. अहवालात मात्र उत्सर्जन कमी झाल्याची नोंद होते. बँकेचा असा अहवाल वाचताना घट कर्जफेडीमुळं आहे की बॉयलरमुळं, हे आधी बघावं.

आता शेतात उतरू. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १६०. सगळं नत्र युरियातून दिलं तर ४५ किलोची पावणेआठ पोती. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीचा ढोबळ नियम असा, की टाकलेल्या नत्रातला सुमारे १ टक्का जमिनीतल्या जिवाणूंच्या हातून नायट्रस ऑक्साइड होऊन उडून जातो. एकराला तो भरतो अवघा अडीच किलो. पण शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरून ठेवतो. त्यामुळं अडीच किलोचे होतात जवळपास ६९० किलो. युरिया मातीत विरघळताना त्याच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो आणखी अडीचशे किलो. खत कारखान्यात बनवताना जळालेला वायू यात धरलेला नाही, तरी एकरी टनाच्या आसपास आकडा गेलाच.

दुसऱ्या पारड्यात इथेनॉल. एकरी ५० टन उतारा पडला आणि सगळा रस इथेनॉलला गेला असं धरू. प्रत्यक्षात कारखाने साखर काढून बी-हेवी मळीपासूनही इथेनॉल करतात, पण हिशेब सोपा राहू दे. टनाला ७० लिटर धरले तर ३,५०० लिटर. लिटरमागं इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश असते, म्हणून वाचलं ते साधारण २,३०० लिटर पेट्रोल, आणि त्याच्या धुरातला सव्वापाच टन कार्बन डायऑक्साइड. म्हणजे वाचवलेल्यातला सहाव्या हिश्शाहून जास्त भाग एकट्या खतानं खाल्ला. बगॅसवर चालणाऱ्या सहवीजनिर्मितीमुळं पारडं पुन्हा इथेनॉलकडं झुकतं. पाचट पेटवलं की उलटं. उसाचं इथेनॉल पेट्रोलपेक्षा ६५ टक्के कमी उत्सर्जन करतं, असा नीती आयोगाच्या अभ्यासाचा निष्कर्ष केंद्र सरकार देतं. तो सरासरीचा आकडा आहे. शेतागणिक तो हलणार.

आणि तो हलवणारी कळ बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या नाही, धोरणाच्या हातात असते. युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. २०१०पासून स्फुरद-पालाशाच्या खतांना अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान लागू झालं, युरियाची किंमत मात्र सरकारनं बांधूनच ठेवली. मग हात युरियाकडंच जाणार. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात एप्रिल २०२४पासून वीज मोफत आहे. असा पंप तासाला साडेपाच-सहा युनिट ओढतो, आणि कोळशाचा वरचष्मा असलेल्या आपल्या ग्रिडवर त्याचे होतात चार किलोंच्या वर कार्बन डायऑक्साइड. तोच फिडर सौर कृषी वाहिनी योजनेत आला आणि दिवसा चालला, तर हा आकडा पार खाली येतो. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर बिनव्याजी. उसाला एफआरपीची (रास्त आणि किफायतशीर दराची) हमी, २०२५-२६ला क्विंटलला ३५५ रुपये. डिस्टिलरीच्या कर्जावर केंद्राची व्याज सवलत, ६ टक्के किंवा बँकेच्या व्याजाच्या निम्मी, जी कमी असेल ती, पाच वर्षं. खत, ऊर्जा, सहकार, अन्न आणि पेट्रोलियम अशी खाती वेगवेगळी, पण येऊन पोचतात त्याच एका एकरात. प्रत्येक खात्याचा खर्च अर्थसंकल्पात पैपैने सापडतो. त्या एकरातल्या कार्बनची बेरीज मात्र कुणाच्याच फायलीत नाही.

बेरीज करायला बसलं की खरी अडचण कळते ती वेगळीच. तुलना कशाशी करायची? धोरण नसतं तर काय झालं असतं, हे ठरवल्याशिवाय धोरणाचा कार्बन मोजता येत नाही. २०१९-२०मध्ये साखर इतकी शिल्लक होती की केंद्रानं निर्यातीला टनामागं १०,४४८ रुपये मदत दिली. त्या वर्षी इथेनॉलला गेलेला ऊस नाहीतरी पिकलाच असता, मग त्याच्या खताचा भार इथेनॉलवर का टाकायचा? पुढं ७ डिसेंबर २०२३ला चित्र पालटलं. साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्रानं मनाई केली आणि भार धान्यावर, मुख्यतः मक्यावर गेला. मका निर्यात करणारा भारत २०२४मध्ये तो आयात करू लागला. आता प्रश्न असा, की त्या आयात मक्यासाठी परदेशात कुठं नवी जमीन नांगराखाली आली का? अमेरिकेतल्या मक्याच्या इथेनॉलवर टिमोथी सर्चिंगर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये ‘सायन्स’मध्ये हाच मुद्दा काढला होता. जमिनीचा बदल धरला तर फायद्याचं दिसणारं इंधन तोट्याचं ठरतं, असं त्यांचं गणित सांगत होतं. त्या गणितावर पुढं बराच वाद झाला, पण प्रश्न टिकून राहिला. टँकरमधलं लिटर तेच, त्याचा कार्बन वर्षागणिक वेगळा. म्हणून एकच आकडा ठासून सांगणाऱ्या जाहिरातीपेक्षा गृहीतकं उघड मांडणारा तक्ता मला जास्त विश्वासाचा वाटतो.

पुन्हा बँकांकडं वळू. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२४मध्ये बँकांनी हवामानविषयक जोखीम जाहीर करावी, असा मसुदा काढला. त्यात शेड्यूल्ड व्यापारी बँका आहेत, मोठ्या नागरी सहकारी बँका आहेत, जिल्हा मध्यवर्ती बँका नाहीत. म्हणजे आपल्या गावच्या सोसायट्या जिच्याशी जोडलेल्या, तीच बँक बाहेर. आणि इथं जोखीम काही कागदावरची नाही. ऑगस्ट २०१९मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांपुढं मजल मारली, आणि २०२१च्या जुलैत नदी पुन्हा तशीच चढली. नुसतं बुडात पाणी असेल तर ऊस तग धरतो, पण शेंडा गढूळ पाण्याखाली दिवस काढू लागला की गेला. ते नुकसान थकबाकी म्हणून बँकेच्याच खात्यावर येतं.

एकरातल्या कार्बनची बेरीज प्रत्यक्ष करायची, तर सुरुवात शिरोळपासून करता येईल. शिरोळ तालुक्यात पाणी जास्त झाल्यानं हजारो एकर जमीन क्षारपड झाली, आणि दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून ती सुधारण्याचं कामही तिथंच मोठ्या प्रमाणावर झालं. ओल्या, हवा कमी खेळणाऱ्या मातीत नायट्रस ऑक्साइड जास्त तयार होऊ शकतो, तेव्हा निचरा झालेल्या आणि न झालेल्या गटांमधला फरक मोजला तर १ टक्क्याचा ढोबळ नियम बाजूला ठेवून इथला आकडा हाती येईल. त्याला जोडून पन्हाळ्याकडचं एखादं गाव घ्यावं, जिथं उपसा उंच आणि विजेचा भार मोठा. क.म. पत्रकात दोनच रकाने वाढवावे लागतील: पंपाची अश्वशक्ती आणि पाचट ठेवलं की पेटवलं. खताची नोंद आहेच. शेजाऱ्याच्या नावावर उचललेली पोती कशी धरायची, हे सचिवाला विचारावं लागेल.