फिरते घर आणि त्याचे सांडपाणी

ख्राइस्टचर्च (न्यूझीलंड), ज्येष्ठ वद्य



आपल्या परभणी जिल्ह्यात मृगाच्या पेरण्यांची लगबग चालू असते आणि शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड अशी मजल दरमजल करीत पंढरीची वाट चालत असते, त्याच सुमारास पृथ्वीच्या या दक्षिण टोकाला ऐन हिवाळा येऊन ठेपतो, आणि उन्हाळाभर सरोवरांच्या नि समुद्राच्या काठांनी हिंडून आलेली फिरती घरे, ज्यांना येथे कॅम्परव्हॅन म्हणतात, ती आपापल्या धन्याच्या अंगणात विसाव्याला येतात. या घरांची निगा येथील माणसे कशी राखतात आणि सरकार त्यात कोठवर लक्ष घालते, हे वाचकांपुढे मांडावे असे कितीतरी दिवस मनात होते.

न्यूझीलंड हा सुमारे पन्नास लाख वस्तीचा मुलूख. 2019 साली परदेशातून येथे आलेले पाहुणे 39 लाखांच्या घरात होते. सार्वजनिक जागेत वाहन उभे करून त्यातच रात्र काढण्याची येथे जुनी मोकळीक आहे. परंतु ती घेणाऱ्या कित्येकांच्या गाडीत एका गादीपलीकडे काहीच नसल्यामुळे सरोवराकाठची झुडपे हीच त्यांची शौचकूपे बनली, आणि रहिवाशांच्या तक्रारी अखेर संसदेपर्यंत पोचल्या. 2011 साली यासाठी कायदा झाला आणि 2023 साली त्याला कडक दुरुस्ती जोडण्यात आली. स्थानिक संस्थेने खास सूट दिली नसेल तर तिच्या जागेत मुक्काम करणाऱ्या गाडीला स्वयंपूर्णतेचा दाखला लागतो, आणि हा हिरवा दाखला मिळवायचा तर शौचपात्र गाडीत कायमचे बसवलेले असून रात्री बिछाना अंथरल्यावरही ते वापरता आले पाहिजे. माणशी दररोज चार लिटर या मानाने तीन दिवसांचे बारा लिटर पाणी टाकीत मावले पाहिजे. आणि कायद्याचे मर्म ज्यात आहे ती गोष्ट म्हणजे, तितकेच सांडपाणी साठवून ठेवण्याची तजवीज गाडीतच असली पाहिजे. या व्यवस्थेची देखरेख पोलिसांकडे नव्हे, तर नळ, गॅस आणि गटारे यांची कामे करणाऱ्या कारागिरांच्या सरकारमान्य मंडळाकडे आहे, ही मला फार शहाणपणाची योजना वाटते. ज्याला नळ कोठे गळतो हे कळते, त्यानेच दाखला द्यावा.

तीन दिवसांना बारा लिटर हा आकडा वाचून मराठवाड्यातील माणूस दचकणार नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले ते ज्यांनी पाहिले, त्यांना काटकसर शिकवायला कोणी नको. मात्र आपण मोजतो ते घरात येणारे पाणी. मोरीतून बाहेर गेलेले पाणी आपल्या हिशेबात कधीच धरले जात नाही, आणि या देशाने नेमके त्याचेच खाते उघडले आहे.

आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका हिवाळ्यापूर्वी आपली गाडी आवरतात, ते काम पाहत उभे राहावे असे आहे. प्रथम सर्व गाद्या उचलून त्या उभ्या करून ठेवतात. कारण माणसाच्या श्वासातील बाष्प थंड काचेवर जमून ओघळते, गादीमागे मुरते, आणि तेथे काळी बुरशी धरते. याच कारणाने कडाक्याच्या थंडीतही एक खिडकी बोटभर उघडी राहते, आणि शीतकपाटाचे दार फटीएवढे किलकिले ठेवतात. पाण्याच्या टाकीत ब्लीचचे सौम्य द्रावण भरून प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडतात, काही तास ते नळ्यांतून मुरू देतात, आणि मग स्वच्छ पाण्याने टाकी पुन्हा पुन्हा खळबळून शेवटी सगळे पाणी काढून टाकतात, नाहीतर नळ्यांत राहिलेले पाणी गोठून त्या फुटतात. शौचपात्राच्या झडपेची रबरी कडी पुसून कोरडी करून तिला सिलिकॉनचे वंगण बोटाने लावतात. खाण्याचे तेल किंवा व्हॅसलीन मात्र चुकूनही नाही, त्याने रबर खराब होते. उसाच्या फडावर निघण्यापूर्वी आपला गाडीवान बैलगाडीचा आस ज्या ममतेने वंगण घालून हाताने फिरवून पाहतो, तीच ममता मला त्या बाईंच्या बोटांत दिसली.

मैल्याची पेटी गाडीच्या बाजूच्या लहान दारातून ओढून काढता येते आणि तिला दोन चाके असतात. ती डंप स्टेशनवर नेऊन रिकामी करायची. गावाच्या मलवाहिनीला जोडलेला, झाकण असलेला सिमेंटचा एक खळगा, पेटी धुण्यासाठी एक नळ, आणि पिण्याच्या पाण्याचा नळ त्याहून निराळा, यापलीकडे त्या ठिकाणी काही नाही. परंतु लहानसहान गावांतूनही ते असते, आणि 1956 साली स्थापन झालेल्या येथील मोटार कॅरव्हॅन संघाने अनेक ठिकाणी ते बांधण्यास हातभार लावला आहे. पेटीत टाकण्याचे औषधही निवडून घ्यावे लागते. फॉर्माल्डिहाइड असलेले द्रव सेप्टिक टाकीतील उपयुक्त जंतूंना मारतात, म्हणून ते वर्ज्य.

बाहेरची धुलाई तर त्याहून विचार करायला लावणारी. रस्त्याकडेच्या जाळीतून जाणारे पाणी येथे शुद्धीकरण केंद्रात जात नाही, ते थेट एव्हन किंवा हीथकोट नदीला मिळते. यास्तव गाडी फरसबंदीवर न धुता हिरवळीवर घेऊन धुवावी, म्हणजे साबण नि तेल मातीत जिरेल, असे सांगितले जाते. समुद्रकाठाहून आलेल्या गाडीचा खालचा भाग तेवढा गोड्या पाण्याने नीट धुतात, नाहीतर मिठाने लोखंड खाल्ले जाते. धुण्यामागे आणखी एक कारण आहे. 2004 साली या देशाच्या दक्षिण बेटावरील वायाउ नदीत डिडिमो नावाचे सूक्ष्म शेवाळ सापडले. ओल्या बुटाच्या किंवा टायरच्या एका थेंबातूनही ते दुसऱ्या नदीत जाऊ शकते. तेव्हापासून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाणाऱ्या प्रत्येकाने आपले सामान तपासावे, धुवावे, आणि पूर्ण कोरडे झाल्यावर आणखी 48 तास तसेच ठेवावे असा दंडक आहे. उत्तर बेटावर डिडिमो अद्याप पोचलेले नाही, हे या सावधगिरीचे फळ असल्याचे येथे मानतात.

हे सारे पाहताना गंगाखेडचा घाट वारंवार नजरेसमोर येतो. जनाबाईंच्या त्या गावी गोदावरीच्या पात्रात चाके बुडेपर्यंत टेम्पो नि ट्रॅक्टर उतरवून धुतले जातात, आणि धुणाऱ्याच्या मनात कसूर केल्याची भावना नसते. गाडी लख्ख होते, तिचे मालक संतुष्ट होतात, आणि तेल गंगेच्या वाटेने जाते. त्यांना दोष देण्यापूर्वी दुसरी जागा दाखविली पाहिजे, आणि ती आपण दाखविलेली नाही. दिंड्यांबरोबर जाणारे मालमोटारींचे ताफे म्हणजे आपली फिरती घरेच होत. त्यांत चुली असतात, अंथरुणे असतात, पाण्याच्या टाक्या असतात, पण सांडपाण्याची टाकी मी तरी कोठे पाहिली नाही.

दैठणा आणि गंगाखेड या दोन मुक्कामांवर, सार्वजनिक शौचालयाच्या सेप्टिक टाकीला जोडून, झाकणाचा एक खळगा, दोन निराळे नळ, आणि गाड्या धुण्यासाठी नदीपासून दूर, पाणी जिरेल असा मुरमाचा एक चौथरा, इतके जरी जिल्हा परिषदेने पुढील आषाढीपूर्वी करून पाहिले, तरी त्याचा खर्च फार होणार नाही असा माझा अंदाज आहे. येथील डंप स्टेशनाची लांबी, रुंदी, उतार नि नळांची उंची मी टेपने मोजून घेतली आहे. त्या मापांचा नकाशा वेगळ्या टपालाने संपादकांकडे पाठवीत आहे, त्यांनी तो अभियंत्यांपर्यंत पोचविण्याची कृपा करावी.