घामाचा वास, साखरेचा आकडा

फ्रीजरमध्ये मटारच्या पाकिटाशेजारी झिपची एक छोटी पिशवी असते. आत गॉजचा बोळा, आणि पिशवीवर मार्करने लिहिलेली तारीख, वेळ आणि आकडा : ६२. टाइप वन मधुमेह असलेल्या कुणाची तरी शुगर त्या वेळी घसरली होती, अंगाला दरदरून घाम सुटला होता. साखर तोंडात टाकता टाकता त्याने तेवढ्या गडबडीतही मानेवरचा घाम टिपून ठेवला. असे पाच-पन्नास बोळे जमले, की एखाद्या लॅब्रॅडोर कुत्र्याच्या शिक्षणाचा श्रीगणेशा करता येतो.

असे शिकवलेले कुत्रे मधुमेह बरा करत नाहीत. त्यांचं काम शुगर उतरू लागली की वेळेवर वर्दी द्यायची, एवढंच. टाइप वनमध्ये शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. ते सुईनं किंवा पंपानं बाहेरून घ्यावं लागतं. डोस जरासा जास्त झाला, जेवण लांबलं किंवा चालणं वाढलं, की रक्तातली साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली येते. हात थरथरतात, छाती धडधडते, बोलणं अडखळतं. बरीच वर्षं आजार काढलेल्या काहींना तर ही लक्षणंच जाणवेनाशी होतात. मग एखाद्या रात्री झोपेतच फिट येते.

अमेरिकेतल्या मार्क रुफेनाख्ट यांच्यावर १९९९ मध्ये असाच प्रसंग आला. अंध व्यक्तींना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या संस्थेसाठी ते एक पिल्लू वाढवत होते. प्रवासात रात्री त्यांची शुगर पार खाली गेली आणि त्या पिल्लानं त्यांना उठवलं. योगायोग असेल, पण रुफेनाख्ट हे मोजमापाच्या शास्त्रातले जाणकार. जे एकदा आपोआप घडलं ते मुद्दाम शिकवता येईल का, याचा त्यांनी पिच्छा पुरवला. आर्मस्ट्राँग नावाच्या लॅब्रॅडोरला त्यांनी घामाच्या नमुन्यांवर तयार केलं आणि २००४ मध्ये कॅलिफोर्नियात ‘डॉग्ज फॉर डायबेटिक्स’ ही संस्था उभी राहिली. ब्रिटनमध्ये २००८ मध्ये डॉ. क्लेअर गेस्ट यांच्या पुढाकारानं सुरू झालेली ‘मेडिकल डिटेक्शन डॉग्ज’ हेच काम करते. तिथले कुत्रे पिंजऱ्यात न राहता स्वयंसेवकांच्या घरी वाढतात.

शिकवणी सुरू होते भोकं पाडलेल्या डब्यांपासून. एका डब्यात शुगर घसरलेली असतानाच्या घामाचा बोळा. दुसऱ्यात त्याच माणसाचा, पण शुगर ठीक असतानाचा. तिसऱ्यात नुसतंच गॉज. कुत्रा हुंगत जातो. योग्य डब्यापाशी थबकला की लगेच शाबासकी आणि खाऊ. दुसरा डबा महत्त्वाचा, कारण कुत्र्यानं माणूस नव्हे, त्या माणसातला बदल ओळखायचा असतो. डब्यांच्या जागा सारख्या बदलाव्या लागतात. कुठला डबा बरोबर हे शिकवणाऱ्यालाही कळू नये अशी व्यवस्था करावी लागते, नाहीतर कुत्रा डब्याऐवजी त्याचाच चेहरा वाचतो.

वास पक्का झाला की पुढचा धडा : सांगायचं कसं? कुणी पंजा मारतो, कुणी गुडघ्याला नाक लावून ढोसतो. काहींच्या गळपट्ट्याला छोटी नळकांडी लटकवलेली असते. ती तोंडात धरली की इशारा समजायचा. रक्त तपासायचं किट आणून देणं, रात्री घरातल्या दुसऱ्या कुणाला उठवणं, हेही पुढे शिकवतात.

आता खरी गोम. कुत्र्यानं इशारा दिला की मालकानं बोटाला सुई टोचून आकडा बघायचा, आणि आकडा जुळला तरच खाऊ. कंटाळा करून न तपासताच खाऊ दिला, की हुशार कुत्र्याला चार दिवसांत उमगतं : पंजा मारला की बिस्किट! इथून पुढे तो साखरेचा नव्हे, बिस्किटाचा इशारा देऊ लागतो. म्हणून हे शिक्षण निम्मं माणसाचं असतं आणि कुत्रा कामावर असेपर्यंत संपत नाही.

कुत्र्याला नेमका कशाचा वास येतो? केंब्रिजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक धागा पुढे आणला. टाइप वन असलेल्या आठ स्त्रियांची शुगर त्यांनी देखरेखीखाली हळूहळू उतरवली, तेव्हा श्वासातलं आयसोप्रीन हे रसायन वाढलं. काहींमध्ये जवळजवळ दुप्पट झालं. माणसाला हा वास येत नाही, कुत्र्याला येत असावा. पण कुत्रे हेच हुंगतात, असं अजून सिद्ध झालेलं नाही.

कुत्र्यांच्या कामगिरीचे आकडे तर एकमेकांशी भांडतात. ब्रिस्टल विद्यापीठाच्या २०१९ मधल्या अभ्यासात मालकांनी ठेवलेल्या नोंदींवरून २७ कुत्रे तपासले. शुगर घसरण्याचे सरासरी शंभरातले ८३ प्रसंग त्यांनी ओळखले होते. त्याआधी, २०१७ मध्ये ओरेगॉनच्या संशोधकांनी आठ जणांच्या अंगावर साखर मोजणारा सेन्सर लावून, त्याचा आकडा त्यांना न दाखवता पडताळा घेतला. तिथे कुत्र्यांनी शंभरातले जेमतेम ३६ प्रसंग पकडले आणि दिलेल्या इशाऱ्यांपैकी शंभरातले १२च शुगर कमी असताना दिले. कुत्र्याकुत्र्यात, घराघरात आणि मोजण्याच्या रीतीत इतका फरक पडतो.

या धूसरपणात बाजार शिरला नाही तरच नवल. व्हर्जिनिया राज्याच्या अॅटर्नी जनरलनी २०१८ मध्ये एका विक्रेत्याला कोर्टात खेचलं. तयार कुत्रा म्हणून २७,००० डॉलरपर्यंत पैसे घेऊन लोकांच्या हाती धड न शिकलेली पिल्लं दिली, असा आरोप होता.

दरम्यान दंडावर चिकटवायचा सेन्सर आला. तो दर काही मिनिटांनी साखर मोजतो, मोबाइलवर गजर देतो आणि भारतातही मिळतो. त्याला खायला घालावं लागत नाही, फिरवून आणावं लागत नाही. तरीही ज्यांच्याकडे नीट शिकलेला कुत्रा आहे ते त्याला सोडायला तयार नसतात. गजर झोपेत बंद करता येतो. तीस किलोचा लॅब्रॅडोर छातीवर चढला की उठावंच लागतं. पण डॉक्टरांचा सल्ला ठाम आहे : कुत्रा मीटरच्या जोडीला, मीटरऐवजी नव्हे.

तुमच्या घरी कुणी इन्सुलिन घेत असेल, तर कुत्रा असो वा नसो, उशाशी ग्लुकोजची पुडी ठेवा. आकडा ७० च्या खाली दिसला की १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.