फुकटचा टपालवाला

फोनवर जुनी मराठी गाणी लावली की मध्येच जाहिरात. वैतागून आम्ही दोघांनी जाहिराती अडवणारे फुकटचे अ‍ॅप घेतले. त्याने ‘व्हीपीएन’ची परवानगी मागितली, म्हणजे फोनमधली सगळी ये-जा त्याच्या हातून होणार. टपालवाला पाकिटावरचा पत्ता वाचणारच, म्हणून आम्ही हो म्हटले. मग त्याने ‘सर्टिफिकेट’ बसवायला सांगितले, तेही बसवले! त्याने पाकीट फोडून, वाचून, पुन्हा चिकटवता येते. मग ब्राउझरमध्ये उघडलेले बँकेचे पान असो की कुपत खोलीमचा निकाल. सेन्सर टॉवर ही कंपनी आपले नाव लपवून अशा अ‍ॅपमधून वापराची माहिती गोळा करत होती, हे २०२० साली उघड झाले. ‘अ‍ॅडब्लॉक फोकस’ त्यांतलेच.

आम्ही अ‍ॅप काढले, पण सर्टिफिकेट त्याबरोबर जात नाही. सेटिंग्जमधून ते वेगळे काढावे लागते. त्यासाठी नातीला शेजारी बसवले. पासवर्डही बदलला. गाण्यांत जाहिराती पुन्हा येतात. तेवढ्यात चहा होतो.